गोव्यात तंबूतला मुक्काम, बॅटरीच्या व्हीलचेअरसकट: जागा कशी ठरवावी?

पर्वरीची आत्या

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे मिळून दोन रात्री तंबूत राहायचं म्हणतोय. दादा-वहिनी मुलांना घेऊन कोल्हापूरहून आंबोलीमार्गे स्वतःच्या गाडीने येतील, आम्ही पर्वरीहून, आई आमच्याबरोबर. भाची तेरा वर्षांची आहे. स्नायूंचा आजार, बॅटरीची व्हीलचेअर, रात्री झोपताना बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन. आईचे गुडघे गेलेत, पण काठी घेऊन चालते. तंबूचा हट्ट भाचीचाच. तिच्या शाळेचा कॅम्प गेला, वर्गातली पोरं परत येऊन कितीतरी दिवस त्याच गप्पा मारत होती, आणि ही तेव्हा घरी.

रिसॉर्टवाल्यांचे असतात तसले तंबू बघतेय. आत पलंग, दिवा, मागे न्हाणीघर. तीन जागा मनात आहेत: काणकोणात समुद्राला लागून माडांखाली, नेत्रावळीच्या बाजूला एका कुळागरात (पोफळीच्या बागेत), आणि सत्तरीत नदीकाठी. तिन्हीकडे फोन केला, तिन्हीकडून उत्तर एकच. "हो हो मॅडम, व्हीलचेअर येते, काही प्रॉब्लेम नाही." एकाने तर वर सांगितलं, "आमची चार पोरं आहेत, उचलून नेतील." नेमकं काय विचारायचं तेच कळत नाहीये. कुणी असं राहून आलंय का?

मिरामारवाला

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप कशाला? पणजीत चांगलं हॉटेल घ्या, लिफ्ट असेल, संध्याकाळी मांडवीच्या काठाने सपाट फुटपाथवर फिरवा. तंबूत तुम्हालाही त्रास आणि तिलाही.

चाकवाला

मिरामारवाले, हेतू चांगला आहे तुमचा. पण "तिला त्रास होईल" या वाक्यावर माझ्या अर्ध्या सहली बुडाल्या आहेत. मुलीने तंबू मागितलाय, लिफ्ट नाही.

आत्या, मी स्वतः चाकांवर आहे, अपघातानंतर कंबरेखालचं काही हलत नाही. "व्हीलचेअर चालते का" असं विचारूच नका. त्याला उत्तर हो असंच येतं, कारण समोरच्याच्या डोळ्यांपुढे इस्पितळातली घडीची खुर्ची असते, मागून कुणीतरी ढकलतंय. बॅटरीची खुर्ची पन्नास किलोच्या पुढे सहज जाते, वर बसलेलं माणूस वेगळं. ती चार पोरं धरणार कुठे? हाताचा दांडा धरून उचलली तर बऱ्याच खुर्च्यांचा दांडाच हातात येतो. आणि मुळात तेरा वर्षांच्या मुलीला अनोळखी पोरांनी उचलून न्हाणीघरात न्यायचं, तेही दिवसातून चार वेळा? हा पर्याय यादीतून काढूनच टाका.

सेंटीमीटर मागा. मोबाईलवर व्हिडिओ मागा, मोजायची टेप लावून. गाडी थांबते तिथून सुरू करायचा आणि न थांबता तंबूत, तंबूतून न्हाणीघरात, कमोडपर्यंत. व्हिडिओ मध्ये कापलेला असेल तर कापलाय तिथे पायरी आहे असं समजायचं.

आणि जागा न्हाणीघरावरून ठरवा, देखाव्यावरून नको. चौथऱ्याला रॅम्प लावता येतो, वाळूवर काहीतरी अंथरता येतं, पलंग बदलून मिळतो. न्हाणीघराचं दार भिंतीत असतं. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी ते कुणी फोडून देत नाही.

केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा आणि रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १:१२, म्हणजे एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी. तंबूवाल्या जागेत हे सगळं जुळून आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून तुमच्या खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजा, आणि त्या आकड्यावर भांडा.

वकीलबाय

थोडं विषयाबाहेर, पण सांगून ठेवते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या ४६ व्या कलमात खासगी सेवा देणारेही येतात, फक्त सरकारी नव्हे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, किमान काही मानकं सक्तीची हवीत. रिसॉर्टवाल्याला फोनवर कायदा ऐकवू नका, तो घाबरून "जागा फुल्ल आहे" म्हणेल. पण मोजमापं मागताना संकोच करायचं काहीच कारण नाही. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

मिरामारवाला

बरं, पटलं. मग निदान नाताळच्या आसपास नका जाऊ. २४ पासून गोव्यात रस्ता राहत नाही, नुसती पार्किंगची रांग.

फिजिओ_म्हापसा

आत्या, मी याच कामात आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी, माझं नंतर, हे धरून वाचा.

बायपॅप आहे म्हणजे वीज हा तुमचा पहिला प्रश्न. आतल्या गावांत डिसेंबरातही वीज जाते. जनरेटर आहे म्हणतात, पण तो रात्री अकराला बंद करतात का ते विचारा, खूप ठिकाणी करतात. इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा आहे का आणि तंबूतल्या प्लगला जोडलाय का, की नुसत्या ऑफिसच्या दिव्याला? मशीनची स्वतःची बॅटरी मिळत असेल तर भाड्याने घ्या आणि घरी एक रात्र त्यावर चालवून बघा. ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते, पण तो बंद चालेल का हे तिच्या डॉक्टरांना विचारूनच. खुर्चीच्या चार्जिंगलाही रात्र जाते, म्हणजे दोन प्लग तिलाच लागले. तंबूत बहुधा एकच असतो. जाड तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

पलंगाची उंची विचारा. गादीचा वरचा भाग खुर्चीच्या बसायच्या जागेच्या पातळीत हवा, ४५ ते ५० सेंटीमीटरच्या आसपास. "ग्लॅम्पिंग"वाल्या जागांत हल्ली जमिनीलगत गाद्या घालायची फॅशन आहे. फोटोत छान दिसतं, वहिनींची कंबर जाते. आणि उचलायला हॉइस्ट (माणूस उचलायचं चाकांचं यंत्र) वापरत असाल तर त्याचे पाय पलंगाखाली जायला हवेत. खाली पेटीवाला, चारी बाजूंनी बंद पलंग असेल तर हॉइस्ट निरुपयोगी.

न्हाणीघरासाठी तिची चाकांची कमोड-खुर्ची घरी असेल तर तीच न्या. ती बॅटरीच्या खुर्चीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे बदल पलंगापाशीच, पडद्याआड, निवांत करता येतो, मग सरळ आत. फक्त ती कमोडवरून मागे जाते का बघा. जमिनीवर बसवलेला कमोड आणि मागे फुगीर टाकी असेल तर खुर्ची टाकीला अडते, भोक पुढे राहतं. नको तो प्रकार.

शेकोटीचा धूर तिच्या छातीला चांगला नाही. वारा तिच्याकडून शेकोटीकडे जाईल अशा बाजूला बसवा, आणि ओली लाकडं नकोत.

गोदूताई

बाई गं, केवढं शिकायला मिळतंय. आमच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला तेव्हापासून आम्ही कुठे गेलोच नाही. वाचतेय.

पर्वरीची आत्या

सगळ्यांचे आभार. चाकवाला, तुमचं ते "कापलाय तिथे पायरी" तंतोतंत खरं निघालं. सत्तरीच्या व्हिडिओत तंबू दिसतो, मग एकदम न्हाणीघराचा आरसा. पुन्हा फोन केला तर म्हणे न्हाणीघर सामायिक आहे, थोडं खाली. खाली म्हणजे चिऱ्याच्या नऊ पायऱ्या. रात्री दोनला उठून काय करायचं? सत्तरी बाद.

भाचीच्या खुर्चीची रुंदी ६१ भरली. काणकोणात तंबू लाकडी डेकवर, दोन पायऱ्या, न्हाणीघराचं दार ६० सेंटीमीटर. तंबूपर्यंत सगळी वाळू. पण समुद्र अगदी समोर, पोरं वेडी झालीयेत. नेत्रावळीला काँक्रीटचा चौथरा, एकच पायरी, न्हाणीघर विटांचं पक्कं, दार ७६, उंबरा चारेक सेंटीमीटर. वाट चिऱ्याची, मध्ये मध्ये गवत. पलंग पेटीवाला नाही. मालक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतः टेप धरून, अंक मोठ्याने वाचत व्हिडिओ केला. ऐकून हसूही आलं आणि बरंही वाटलं.

मन काणकोणकडे ओढतंय. वाळूचं काही करता येतं का?

आबा डिचोली

वाळूचं होतं गे बाय. आमच्याकडे खाणी चालत होत्या तेव्हाचा कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा अजून भंगारवाल्यांकडे मिळतो. जाड, रुंद, वाळूवर अंथरला की गाडीसुद्धा जाते. खाणी २०१२ ला बंद, मग चालू, २०१८ ला परत बंद. तेव्हापासून लोकांनी तो पट्टा गोठ्यात, अंगणात, कुठे कुठे वापरला. एकच अडचण, जड असतो. टेम्पो लागेल आणि उचलायला माणसं. (ती चार पोरं इथे कामाला लावा.) पट्टा नाही मिळाला तर प्लायवुडचे तुकडे. दोन-तीन तुकडे पुरतात, मागचा काढून पुढे टाकायचा. पण साठ मीटर वाळूत हा खेळ खेळत बसलात तर समुद्रापाशी पोचेपर्यंत सूर्य बुडेल.

चाकवाला

आबांचा पट्टा झकास. पण आत्या, ६१ ची खुर्ची ६० च्या दारातून जात नाही, त्याला पट्टा काय करणार. कमोड-खुर्ची जाईल, मान्य. तरी हात धुवायला, दात घासायला, प्रत्येक वेळी पलंगावर येऊन खुर्ची बदलायची? दोन दिवसांत पोरगी कंटाळेल आणि वहिनी त्याहून आधी.

समुद्र दिवसाचा ठेवा. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिथे खुर्ची बरी चालते. खरी अडचण रस्ता आणि ओली वाळू यांच्यामधल्या भुसभुशीत पट्ट्याची. तेवढ्यापुरतं आबांचं प्लायवूड. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून जा, गोव्यात पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. बॅटरीची खुर्ची खाऱ्या पाण्यात मात्र अजिबात घालू नका, पुढच्या लहान चाकांच्या बेअरिंगमध्ये वाळू गेली की ती कुरकुरायला लागतात. फुगीर चाकांची समुद्रावरची खुर्ची मिळाली तर उत्तम. पणजीतल्या पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, गेलात कधी तर अशा वस्तू आणि त्या वापरणारी माणसं एकाच जागी भेटतात. २०२३ च्या जानेवारीत पहिला झाला तेव्हापासून माझ्या निम्म्या ओळखी तिथल्याच आहेत.

रानवारा

नेत्रावळी घेताय तर माझे चार शब्द. मी त्या भागात पक्षी बघायला जातो.

मोबाईलला रेंज जेमतेम. कुठल्या कंपनीची येते ते मालकांना विचारा आणि त्या कंपनीचं एक तरी सिम बरोबर ठेवा. मोठं इस्पितळ म्हणजे मडगावचं जिल्हा इस्पितळ, रस्त्याने तासाच्या वर. १०८ ला पत्ता कसा सांगायचा हे मालकांकडून शब्दशः लिहून घ्या. वाड्याचं नाव, देऊळ, वळण. रात्री घाबरल्यावर सुचत नाही.

दहिवर भयंकर पडतं. सकाळी तंबूवरून पागोळ्या गळतात. खुर्ची तंबूच्या आतच ठेवा आणि जॉयस्टिकवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. चार्जर जमिनीवर नको. पहाटे थंडी असते, मुलीला हालचाल कमी म्हणून ती जास्त लागेल.

गोचीड. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले, तो गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे असाच असतो. नेत्रावळी म्हणजे सत्तरी नव्हे, तरी रान ते रानच. पाचोळ्यात बसू नका, मुलीचे पाय झाकलेले ठेवा, रात्री कपडे बदलताना गुडघ्याच्या मागे, काखेत बघा. खुर्चीच्या गादीची शिवणही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं.

फिरायचं म्हणाल तर सावरी धबधबा तिच्यासाठी नाही, वाट डोंगरातली. बुडबुड्यांच्या तळीचे बुडबुडे बघायला पायऱ्या उतरायलाच हव्यात असं नाही, पण तिथवरची वाट तुमच्यापैकी कुणी आधी पाहून या. रिवणजवळ पणसायमळची कातळशिल्पं आडव्या खडकावर कोरलेली आहेत, कुशावतीच्या काठी. खडक ओबडधोबड, कडेपर्यंत पोचलात तरी पुरे. साळावली धरणाचा तो गोल सांडवा पावसाळ्यात बघायचा. डिसेंबरात बाग बघून या.

पुण्याचा_पाहुणा

गोव्यात टॅक्सीवाले फार लुटतात. आम्ही मागच्या वर्षी

गोदूताई

पाहुणे, वाक्य तर पूर्ण करा. आणि त्याला वेगळा धागा काढा.

पुण्याचा_पाहुणा

चुकून पाठवलं गेलं. पण विषयाशी संबंध आहे: व्हीलचेअर असेल तर टॅक्सी बुक करताना डिकीत सीएनजीची टाकी आहे का विचारा. छोट्या सेडानमध्ये टाकीच अर्धी डिकी खाते, घडीची खुर्चीसुद्धा बसत नाही. एवढंच सांगायचं होतं.

चाकवाला

हा मुद्दा मात्र लाखाचा.

पर्वरीची आत्या

नेत्रावळी ठरत आलंय. काल रात्री भाचीला व्हिडिओ दाखवला. आम्ही सगळे उंबरा, दार, पलंग बघत होतो. तिने पाहून झाल्यावर एकच विचारलं, "शेकोटीच्या खड्ड्यात मी कशी उतरणार?" परत लावून बघितला. खरंच, शेकोटीची जागा गोल, जमिनीत खोल केलेली, भोवती बसायला ओंडके, उतरायला तीन पायऱ्या. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

चाकवाला

म्हणूनच व्हिडिओ आधी तिला दाखवायचा. आपण दारं मोजतो, ती कुठे बसणार ते बघते.

तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर धरा. १:१२ ने रॅम्प ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब होतो. त्यात पडू नका. शेकोटीच वर आणायला सांगा, अंगणात पत्र्याच्या घमेल्यात. बसायला ओंडके नकोत, सगळ्यांना खुर्च्या. म्हणजे सगळ्यांचे डोळे एका उंचीवर येतात.

तंबूच्या एका पायरीला रॅम्प लागेलच. पायरी १५ सेंटीमीटर असेल तर १ मीटर ८० सेंटीमीटर. सुताराकडून जाड प्लाय आणि खाली आडव्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना दोन बोटं उंच कड ठोका, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही. वर खरखरीत काहीतरी चिकटवा, दहिवराने ओला प्लाय निसरडा होतो. ठेवल्यावर हलता कामा नये. आणि तंबूच्या दाराला खाली चेन लावायची कापडी पट्टी असते, चाक त्यात अडकतं. ती जमिनीला सपाट बसते का, की चौकटीसारखी उभी राहते? उभी असेल तर तिच्यावरूनही छोटी फळी लागेल. न्हाणीघराच्या चार सेंटीमीटरच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे लाकडी तुकडे, आतल्या बाजूचा विसरू नका, परत बाहेरही यायचं असतं.

आबा डिचोली

रॅम्प करायला देऊ नको बाय. माझ्याकडे दोन मीटरचा आहे, ॲल्युमिनियमचा, घडीचा. आमच्या बाबांसाठी घेतला होता, ते गेले गेल्या वर्षी. माळ्यावर पडून आहे. त्याच्यावर वजन किती चालतं ते कोरलेलं आहे, खुर्ची आणि मुलगी मिळून त्याच्या आत बसते का बघ आणि घेऊन जा.

पर्वरीची आत्या

आबा, काय बोलू. देव बरें करूं.

मालकांशी सविस्तर बोलणं झालं. शेकोटी अंगणात करतो म्हणाले. खड्डा मुलाने इंटरनेटवर बघून केला होता, त्यांना स्वतःलाही गुडघ्यांमुळे उतरता येत नाही! आईला हे ऐकून फारच आनंद झाला. जनरेटर रात्रभर चालवणार नाहीत, आवाजाने बाकीचे पाहुणे कुरकुरतात. पण आमच्या तंबूसाठी इन्व्हर्टर वेगळा जोडून देतील, साइन वेव्हचाच आहे. तरी बायपॅपची बॅटरी भाड्याने घेतेय. गवतातली चिऱ्याची वाट ते साफ करून, सैल दगड बसवून देणार आहेत. तंबू आमचा पहिला, गाडीच्या सगळ्यात जवळचा. दादाने आधी एक दिवस एकट्याने येऊन सगळं बघायचं ठरलंय, टेप घेऊन.

एक प्रश्न उरलाय. वहिनी म्हणतेय, रात्री तिला कूस बदलून द्यायला दोन-तीनदा उठावं लागतं, तर आम्ही दोन तंबू घेतले तर तिच्या तंबूत कोण? भाचीला भावंडांबरोबर झोपायचंय, आईबापाबरोबर नाही.

फिजिओ_म्हापसा

वहिनी त्याच तंबूत, दाराजवळच्या पलंगावर, पोरं पलीकडे. किंवा तुम्ही एक रात्र घ्या, वहिनी एक रात्र. पण आधी घरी दोन-तीनदा वहिनींच्या देखत करून बघा. कूस कशी वळवायची, उशी कुठे, मास्क निघाला तर परत कसा लावायचा, मशीनचा अलार्म वाजला तर काय. घरची हवेची गादी असेल तर ती आणि तिचा पंप न्यावाच लागेल. म्हणजे प्लग तीन झाले, एक्स्टेन्शनवर लिहून ठेवा. आणि वहिनींना एक रात्र पूर्ण झोप मिळू दे, सुट्टी त्यांचीही आहे.

गोदूताई

आत्या, जाऊन आलात की इथेच लिहा. त्या मालकांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? आमच्या सासूबाईंची खुर्ची साधी घडीची आहे, रुंदी आत्ताच मोजली, ६४. म्हणजे ७६ च्या दारातून जाईल ना?

चाकवाला

जाईल. पण ती हाताने चालवायची ना? मग ढकलरिंगवर (चाकाच्या बाहेरच्या कड्यावर) हात असतात, त्यांना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं लागतात. कोपरं आत घेऊन एकदा घरच्या दारातून काढून बघा.

आबा डिचोली

आत्याबाय, रविवारी सकाळी ये, दुपारी मी झोपतो. रॅम्प गाडीच्या टपावर बसेल, दोऱ्या तुझ्या आण.